बायोकेमिस्ट्रीचे रिपोर्ट तुंबतात, दुसरं मशीन घ्यावं का?

जांभळं_झाकण: रोज २५० सॅम्पल, त्यातली दीडशे सकाळी ८ ते १० मध्येच. एलआयएसमध्ये (लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये) सरासरी टीएटी (सॅम्पलपासून रिपोर्टपर्यंतचा वेळ) २ तास १० मिनिटं दिसतो, तरी वॉर्डातून फोन चालूच. मॅनेजमेंट दुसऱ्या अ‍ॅनालायझरचं (तपासणी मशीनचं) कोटेशन मागवतंय. त्याआधी डेटात काय बघू?

पिव्होटकाका: सरासरी सोडा, ९० वा पर्सेंटाइल काढा, म्हणजे ९० टक्के रिपोर्ट ज्या वेळेच्या आत सुटतात ती वेळ. फोन त्या शेवटच्या दहा टक्क्यांचे असतात. महिन्याचा डेटा एक्सेलमध्ये घ्या. चार वेळा हव्यात: कलेक्शन, लॅबला रिसीव्ह, मशीनचा निकाल, डॉक्टरांची सही. वजाबाकी करून तासावार पिव्होट (गोषवारा तक्ता) लावा. तारीख आणि वेळ एकाच रकान्यात ठेवा, नाहीतर मध्यरात्र ओलांडलेली सॅम्पल उणे दाखवतील. मशीन आणि सर्व्हरची घड्याळंही जुळवून घ्या. कलेक्शनच्या वेळेवर फार विसंबू नका. पुष्कळ ठिकाणी ती बारकोड छापल्याची वेळ असते, सुई टोचल्याची नाही.

जांभळं_झाकण: काढलं. ९० वा पर्सेंटाइल: रिसीव्ह ते निकाल ५५ मिनिटं, निकाल ते सही २ तास २० मिनिटं!

डेल्टाचेक: मग नवं मशीन सहीची रांगच वाढवेल. ५५ मिनिटांत साध्या नळीचं रक्त गोठायला ३० आणि सेंट्रिफ्यूजला १० जातात, तिथे घाई नकोच. अर्धवट गोठलेल्या सीरममधलं फायब्रिन (गुठळीचे धागे) मशीनच्या प्रोबमध्ये (सॅम्पल ओढणाऱ्या सुईत) अडकतं.

ऑटोव्हेरिफिकेशन लावा (अटींत बसणारे निकाल सॉफ्टवेअर सहीविना आपोआप सोडतं), पण निकाल हाताने टाइप होत असतील तर नको, इंटरफेसने थेट येत असतील तरच. अटी: क्यूसी (मशीनची गुणवत्ता चाचणी) पास, मशीनचा फ्लॅग (इशारा) नाही, हिमोलिसिस इंडेक्स (लाल पेशी किती फुटल्या त्याचा आकडा) मर्यादेत, निकाल ठरवलेल्या पट्ट्यात, त्याच पेशंटच्या मागच्या निकालाशी डेल्टा (फरक) ठीक. क्रिटिकल व्हॅल्यू (जिवाला धोका दाखवणारा निकाल) कधीच आपोआप सुटू द्यायची नाही. सुरुवात क्रिएटिनिनसारख्या दोन-तीन टेस्टनी.

एक नियम एकत्रच लिहा: पोटॅशियम वर, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज खाली, तर तिन्ही रोखा. कुणीतरी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतलं रक्त साध्या नळीत ओतलेलं असतं. पोटॅशियम त्या नळीतल्या ईडीटीएच्या क्षारातलंच येतं, आणि ईडीटीएच कॅल्शियम नि एन्झाइमला लागणारं झिंक-मॅग्नेशियम धरून ठेवतं.

पिव्होटकाका: नियम चालू करण्याआधी गेल्या महिन्याच्या निकालांवर कोरडे (काहीही प्रत्यक्षात न सोडता) चालवून बघा. डॉक्टरांनी रोखलेला एखादा निकाल नियमांनी सोडला, तर पट्टा आवळा. ही नोंद सहीनिशी जपून ठेवा, ऑडिटर पहिली तीच मागतो.