बाबा रात्री बरळतात म्हणून लगेच घाबरू नका
तुमचे बाबा बायपासनंतर दुसऱ्या रात्री नळ्या ओढत होते, 'मला कोथरूडला घरी सोडा' म्हणत होते, आणि वर कुणीतरी 'मेंदूला इजा झाली असणार' असं ठोकून दिलंय. एवढी घाई नको. मी पुण्यातच हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत सिस्टर आहे. हा डिलिरियम (ऑपरेशननंतर काही काळ होणारा मनाचा गोंधळ) वयस्कर पेशंटमध्ये आम्ही नेहमी बघतो, बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो. तोंड वाकडं झालं, हात-पाय उचलेना किंवा जीभ जड झाली तर मात्र तत्क्षणी सांगा. भेटीला जाताना चष्मा आणि कानाचं मशीन न्या (हे हमखास घरी राहतं), वार-तारीख सांगा, वाद घालू नका.

छातीच्या नळीबद्दलही विचारलंत, म्हणजे ऑपरेशननंतर आत साचणारं रक्त बाहेर काढणारी नळी. रक्त हळूहळू कमी होत गेलं तर उत्तमच. पण भरपूर येत असताना एकदम थांबलं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण नळीत गुठळी अडकून रक्त हृदयाभोवती साचू शकतं. मग बीपी पडतं, लघवी कमी होते. दर तासाची मोजमापं त्यासाठीच.

खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची आणि श्वास आत घेत स्पायरोमीटरचे (फुफ्फुसांच्या व्यायामाचं छोटं उपकरण) गोळे वर ओढायचे, एवढं त्यांच्याकडून नक्की करून घ्या.