मदत हवी आहे: सोलापुरात डोंबिवलीचे पाहुणे, गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) आणि तिखट न सोसणारा साडू

जुळेकर:
नमस्कार मंडळी. १२ जानेवारीला रात्रीच्या वंदे भारतनं डोंबिवलीहून साडू, मेहुणी, तिच्या सासूबाई आणि कॉलेजातली दोन पोरं येऊलालेत. भोगी, संक्रांत, किंक्रांत असा मुक्काम. फोनवर साडूंचं पहिलं वाक्य, "सिद्धेश्वर सोडून तुमच्याकडं बघायला काय आहे?" जन्म गेला या गावात, पण असं कुणी विचारलं की मला काही सुचत नाही. इथं राहणारा माणूस गाव बघत बसतो होय? खातो, आणि उन्हाला शिव्या घालतो.

अडचणी सांगतो. सासूबाई माळकरी, गुडघे दुखतात, मटणाच्या हॉटेलात पाणीसुद्धा घेणार नाहीत. साडूंना मटण पाहिजे म्हणजे पाहिजेच, पण तिखट सोसत नाही. पोरं मॉल विचारलालीत. आणि आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड. पाच माणसं वाढणार, त्यामुळं मंडळी जितका वेळ बाहेर राहतील तितकं बरं, हे घरात बोलता येत नाही म्हणून इथं बोलतो. सुचवा काहीतरी.

कन्ना चौक:
अण्णा, तुम्ही जुळे सोलापूरवाले नऊला उठता, तिथंच घोळ आहे. पाहुण्यांना सातला उठवा आणि पूर्व भागात आणा. अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, कुठंही. इडली-वड्याच्या ज्या गाडीवर गर्दी दिसंल तिथं थांबायचं. मालक तेलुगूत बोलंल, गिऱ्हाईक कन्नडमध्ये उत्तर देईल, सुट्ट्या पैशांवरनं वाद मात्र मराठीत होईल. आजींना सगळं चालतंय. खाऊन झालं की गल्लीत आत चालत जावा, यंत्रमागाची खटखट ऐकू येईल. ओळखीचा कारखानदार असंल तर पोरांना आत नेऊन दाखवा. नाव चादरीचं मोठं, पण आता बरेच माग टॉवेलवर चालतात.

पोरांच्या संध्याकाळचं म्हणाल तर मोठ्या हिरोचा तेलुगू पिक्चर लागला असला तर तिकिटं काढा. संक्रांतीला एखादा येतोच. भाषा कळायची गरज नाही, पब्लिक बघायला जायचं. शिट्ट्या, कागदाचे तुकडे, एंट्रीला नाच. डोंबिवलीच्या मॉलमध्ये असं मिळतंय का बे?

नवी पेठवाली:
जुळेकर दादा, "सिद्धेश्वर सोडून" म्हणणाऱ्या माणसाला नेमकं गड्ड्यातच बोलावलंय तुम्ही, म्हणजे नशीबवान आहेत ते. मात्र आजींना अक्षता सोहळ्याच्या गर्दीत नेऊ नका. भोगीला दुपारी संमती कट्ट्यापाशी, जिथं अक्षता पडतात तिथं, मुंगी शिरायला जागा नसते, आणि एकदा आत गेलं की मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. त्यापेक्षा सकाळीच नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या ओळखीच्या घराचा ओटा पकडा. खुर्ची टाकून बसवा त्यांना. सात काठ्या म्हणजे ते नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" चा गजर. माळकरी बाईला आणखी काय पाहिजे?

साडूंना गोष्ट आधी सांगून ठेवा, नाहीतर नुसत्या काठ्या दिसतील. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांशीच, लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी नकार दिला, शेवटी त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. ते लग्न दरवर्षी भोगीला पुन्हा लागतं. संक्रांतीला होम, म्हणून मैदानाचं नाव होम मैदान. किंक्रांतीला रात्री शोभेचं दारूकाम. आमच्या घरी लग्न होऊन आलेल्या सुनांना नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, की तेवढे दिवस अख्खं गाव एकमेकांना "अक्षताला होतास का?" एवढंच विचारतं. जेवलास का विचारत नाहीत!

पाळणे, मौत का कुआँ, चुरमुरे-भजी हे पोरांचं पोरं बघतील. गाडी मात्र लांब लावा, त्या बाजूचे रस्ते बंद असतात. जेवणाचं म्हणाल तर भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घरीच करा. संक्रांतीला गूळपोळी त्या डोंबिवलीतही खातील, तुम्ही शेंगापोळी वाढा. पाण्याचं टेन्शन मलाही कळतं, पण सणाला पाहुण्यांना हॉटेलात जेवू घातलं तर वहिनी तुमच्याशी बोलायच्या नाहीत.

पुण्यात अडकलेला:
१२ तारखेला उतरतात तर एक सांगा पोरांना. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी येरवड्यात आपल्या सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे गाडीतनं जाताना दाखवता येतील. बाकी मी इथं पुण्यात बसून हे वाचतोय आणि ऑफिसच्या कँटीनमधली भाकरी चावतोय. वातड. काय सांगू.

माळावरचा:
एक दिवस गावाबाहेर काढा. हुरडा ऐन भरात आहे. गुळभेंडी ज्वारीचा मिळतो का विचारून जावा, दाणा कोवळा आणि गोड. आगटीपाशी बसायचं, गरम हुरडा, शेंगाची चटणी, दही, ऊस. आजींना खाट देतात शेतात. तिखट न सोसणाऱ्या माणसासाठी तर हे बेस्टच. येताना नान्नजच्या अभयारण्याकडं वळा. माळढोक दिसणं लॉटरी आहे, त्याच्या भरवशावर जाऊ नका, काळवीट मात्र दिसतात. हत्तरसंग-कुडलही करता येईल. भीमा-सीनेचा संगम, आणि शके ९४० चा मराठी शिलालेख, म्हणजे इसवी सन १०१८. साडू मराठीचे अभिमानी असले तर एवढ्यावर दिवसभर गप्प बसतील.

नळदुर्ग सुचवणार होतो, पण नर-मादी धबधबा पावसाळ्याचा. आत्ता किल्लाच बघायचा तर आजींच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही.

जुळेकर:
हुरडा पक्का. मिसेसनी ओट्याची जबाबदारी घेतली, तिची मैत्रीण बाळी वेशीत राहते. मटणाचं कुणीच बोललं नाही अजून.

कन्ना चौक:
गड्ड्यात काय बोलणार! आमच्याकडं त्या दिवसांत मटणाचं नावच निघत नाही. किंक्रांतीला दुपारी काढा साडूंना एकटं, आजींना दारूकामासाठी आराम करू द्या. सावजी खानावळीत जावा. सुकं मागवा, रस्सा वेगळ्या वाटीत घ्या आणि त्यात भाकरी बुडवायची घाई करू नका म्हणावं. "कमी तिखट करा" असं मात्र सांगू नका, वाढणारा मामा नुसता बघत राहतो. भाकरी कडक घ्या, लिंबू जास्त मागा, जेवणानंतर ताक.

आणि पोरांना पार्क चौपाटीवर सोडा संध्याकाळी. पावभाजी, डिस्को भजी. शंभर पर्याय मोजत बसतील आणि शेवटी पावभाजीच खातील, ते ठरलेलंच.

जुळेकर:
धन्यवाद मंडळी. शेवटचं एक. मेहुणीला जाताना चादर द्यायची आहे. स्टेशनजवळ स्वस्तात मिळतात त्या घेऊ का?

नवी पेठवाली:
नका घेऊ. सोलापुरी म्हणून पानिपतचा माल खपवतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा आणि हातात घेऊन बघा. जड लागली पाहिजे, नक्षी दोन्ही बाजूंनी उमटलेली पाहिजे, रंग उलटसुलट. कारखान्याच्या स्वतःच्या दुकानातनं घेतलीत तर उत्तम. सोबत शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचं पाकीट द्या, महिना टिकतं. फक्त भाकरी बॅगेत चादरीखाली ठेवू नका म्हणावं, चुरा होतो.