चर्चमधलं गाणं: तुमचे अनुभव लिहा

शेंगाचटणी: काल सोलापुरात रंगभवनजवळच्या चर्चवरून येत होतो, आत प्रॅक्टिस चालू होती, पेटी-तबला आणि रेव्ह. ना. वा. टिळकांचं (मराठी ख्रिस्ती कवी) भजन. एकदम जर्मनीतलं लाइपझिग आठवलं, नोकरीला होतो तिकडं. शुक्रवारी संध्याकाळी थॉमसकिर्शंमध्ये जायचो. लूथरन चर्च, म्हणजे मार्टिन लूथरच्या पंथाचं, छप्पर असलं उभं की बघताना मान दुखायची. संगीतकार बाख 1723 पासून मरेपर्यंत इथंच संगीत बघायचे, कबरही आतच. पोरांचा कॉयर 1212 पासूनचा! जर्मन ओ की ठो येत नव्हतं पण सगळी मंडळी गायला लागली की शेजारच्या आजी पुस्तकात बोट ठेवून ओळ दाखवायच्या. लूथरनी उपासनेतलं गाणं लोकांच्या भाषेत, लोकांच्या तोंडी आणलं, टिळकांनी आपल्याकडं तेच केलं असं मला मनापासून वाटतं.

रेवा_पुणे: तिथलंच निकोलायकिर्शं बघितलं का? खांबांना वर हिरव्या झावळ्या कोरल्यात, मला तर झावळ्यांचा रविवारच आठवला. दर सोमवारी शांतीची प्रार्थना व्हायची तिथं, 9 ऑक्टोबर 1989 ला बाहेर सत्तर हजार लोक पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर, गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. अंगावर काटा आला वाचून

संडेस्कूलवाली: आमच्याकडं कापणीच्या सणाचा लिलाव!! भोपळा, अंडी, कोंबडी, सगळं देवाला आणायचं मग बोली. एका पेंडीला एवढी बोली लागायची की मम्मी पप्पांचा हात खाली धरून ठेवायची 😄

पूर्वभाग: आमची मामी गुंटूरची, लूथरन. तिकडं हायर नावाचे मिशनरी 1842 ला आले म्हणे. मामी भाकरी थापताना तेलुगू गाणी म्हणते, आम्हाला चाली पाठ.

रेवा_पुणे: @पूर्वभाग मामींचं रेकॉर्ड करून ठेवा की, खरंच सांगते. माझ्या आजीचं राहून गेलं.

पूर्वभाग: आज संध्याकाळीच करतो ताई

नाताळकरंजी: मी गात नाही, पण नाताळची गाणी म्हणत फिरायच्या कॅरल राउंडला रात्री दोनला पोरं दारात आली की चहा-करंज्या माझ्याकडं. थंडीत गळे बसलेले असतात बिचाऱ्यांचे. @संडेस्कूलवाली तू त्या लाल बंगल्यामागं राहायचीस का गं?

संडेस्कूलवाली: हो काकू!! तुम्ही ओल्या नारळाच्या करायच्या ना

शेंगाचटणी: पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का हो सोलापुरात? कॉयरवाले विचारत होते, भात्यातून हवा जातेय.

नाताळकरंजी: फोटो टाका, सासऱ्यांना दाखवते. स्वतःची पेटी तेच खोलतात.