थंडीभर उभा असलेला लॉन ट्रॅक्टर आणि उंदरांचं बिऱ्हाड : अनुभव लिहा

एरीकाठचा (धागाकर्ता, ओहायो)

ऑक्टोबर संपत आला. यंदाची शेवटची गवतकापणी या नाहीतर पुढच्या शनिवारी, मग आमचा लॉन ट्रॅक्टर थेट एप्रिलपर्यंत मागच्या शेडमध्ये. उंदरांना याहून बरी जागा कुठे मिळणार? डोक्यावर छप्पर, अंथरायला सीटचा फोम, कुरतडायला वायरी आणि पाच महिने कोणी हटकणारं नाही. गेल्या एप्रिलात बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात पिवळा फोम, मेपलची पानं आणि शेजाऱ्यांच्या बर्डफीडरखालून वेचून आणलेली सूर्यफुलाची टरफलं, असा सगळा संसार मांडलेला.

ज्यांच्या घराभोवती एकर-अर्धा एकर गवत आहे त्यांनी लिहाच, पण गावी ज्यांचा टिलर किंवा ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा असतो त्यांनीही लिहा. काय केलंत, फरक पडला का, आणि उंदराने नेमकं काय खाल्लं, एवढं आलं तरी पुरे. पुदिन्याच्या तेलाबद्दल ऐकीव माहिती नको, स्वतः वापरलं असेल तर बोला. गणपतीच्या वाहनावरचे विनोद घरच्या ग्रुपवर आधीच करून झालेत.

नट_बोल्ट (न्यू जर्सी)

एअर फिल्टरमधलं घरटं निदान दिसतं तरी. घोळ घालतं ते न दिसणारं. हौस म्हणून मी आमच्या भागातल्या लोकांचे मोवर दुरुस्त करून देतो, आणि एप्रिल-मेमध्ये एक तक्रार ठरलेली असते: "चालू होतो, पण थोड्या वेळाने दम टाकतो."

या ट्रॅक्टरांची इंजिनं बहुतेक हवेवर गार होणारी. रेडिएटर नाही, पाणी नाही. वरची गोल जाळी फ्लायव्हीलबरोबर फिरते, फ्लायव्हीलच्या पात्या हवा आत ओढतात आणि ती हवा वरच्या आवरणाखालून सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्तींवरून, जाते. उंदीर घर करतो नेमका त्या आवरणाखाली. वरून बघाल तर इंजिन चकाचक. चार-पाच बोल्ट काढून आवरण उचललं की फिन्सच्या फटीफटीत गवत गच्च दाबून बसवलेलं, आणि ते मुताने भिजून वाळून इतकं कडक झालेलं असतं की स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून काढावं लागतं. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर पुष्कळदा एकाच बाजूला घरटं असतं. एक सिलिंडर ठणठणीत आणि दुसरा भाजून निघालेला. मग हेड गॅस्केट जाते. वाळकं गवत तापलेल्या इंजिनला चिकटलेलं, म्हणजे आगीचीही भीती आहेच.

म्हणून एप्रिलात किल्ली फिरवायच्या आधी ते आवरण काढून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. बाकी कुठलाही उपाय करा किंवा करू नका, एवढं मात्र कराच.

आता वायरी. या इंजिनांची बंद व्हायची रीत जरा उलटी असते. किल्ली 'बंद'वर नेली की एक वायर इग्निशन कॉइलला अर्थ करते आणि ठिणगी थांबते. उंदराने त्या वायरचं वरचं प्लॅस्टिक तेवढं खाल्लं आणि उघडी तार इंजिनच्या ब्लॉकला टेकली, तर इंजिन काही केल्या चालू होणार नाही. नवा प्लग घाला, नवी बॅटरी घाला, उपयोग शून्य. आणि तीच वायर पार तोडली असेल तर इंजिन झकास चालू होतं, किल्लीने बंद मात्र होत नाही! सीटखालच्या स्विचची वायर गेली तर बऱ्याच ट्रॅक्टरांना वाटतं की वर कोणी बसलेलंच नाही, मग ब्रेक सोडला की इंजिन गप्प. या दोन-तीन जागा आधी तपासल्या तर मेकॅनिकचे पैसे वाचतात.

थोरली_वहिनी (ओंटारियो)

पुदिन्याचं तेल स्वतः वापरलंय, म्हणून बोलते. कापसाचे बोळे तेलात भिजवून सीटखाली, बॅटरीजवळ, डेकवर (गवत कापणाऱ्या पात्यांच्या आवरणावर), सगळीकडे ठेवले होते. दोन आठवडे शेडमध्ये टूथपेस्टच्या कारखान्यात शिरल्यासारखं वाटायचं. मग थंडी वाढली, शेडकडे जाणं थांबलं, वास उडाला. बर्फ वितळल्यावर बघितलं तर ते बोळे जागेवर नव्हते, घरट्यात होते. कापूस आयता मिळाला हो त्यांना!

कपडे सुकवायच्या मशीनमध्ये टाकतात त्या सुगंधी पट्ट्यांची तीच गत, त्यांच्याही झिरमिळ्या करून अंथरल्या होत्या. वासाचे उपाय दर आठवड्याला ताजे करणार असाल तर करा. पण दर आठवड्याला शेडमध्ये जाऊन खुडबुड करणार असाल, तर तेलाची गरजच काय, तुमच्या खुडबुडीनेच ते जातील.

एरीकाठचा

वहिनी, दंडवत. डांबरगोळ्यांचं काय? इथले बरेच लोक सांगतात.

थोरली_वहिनी

आमच्या आईच्या कपाटात कसरीसाठी असायच्या, तेवढंच त्यांचं काम. उघड्या शेडमध्ये उंदीर पळेल इतका वास होतच नाही, आणि तेवढा केला तर आधी तुम्हीच पळाल. तो धूर अंगालाही वाईट. शिवाय अमेरिकेत त्या पाकिटावर लिहिलेल्या कामाखेरीज वापरणं कायद्यातही बसत नाही, बंद डब्यातल्या कपड्यांसाठी म्हणूनच त्या विकतात.

सांडियाखालचा (न्यू मेक्सिको)

मी इस्पितळात काम करतो, म्हणून उंदरांपेक्षा लेंड्यांबद्दल लिहितो. १९९३ साली आमच्या या भागात, जिथे चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे, धडधाकट तरुण माणसं श्वास लागून अचानक दगावायला लागली. तपासाअंती निघाला एक हंताव्हायरस, आणि तो पसरवणारा डिअर माउस. वरून तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, शेपटीसुद्धा वर गडद आणि खाली पांढरी. दिसायला गोजिरवाणा. घरातला साधा करडा उंदीर हा विषाणू पसरवत नाही, पण शेडमध्ये आणि शेतघरात शिरतो तो बहुधा हा पांढऱ्या पोटाचाच. आजार क्वचित होतो, पण झालेल्यांपैकी तिघांत एक तरी जातो.

लागण होते ती वाळलेल्या मूत-लेंड्यांची धूळ श्वासात गेल्यावर. त्यामुळे घरटं दिसलं की झाडू, ब्लोअर, व्हॅक्यूम, काहीही चालवायचं नाही. शेडची दारं उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. मग रबरी हातमोजे घालून घरटं आणि आजूबाजूची जागा जंतुनाशकाने चिंब करायची. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी चालतं. पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग कागदी टॉवेलने उचलून दुहेरी पिशवीत. इंजिनच्या ॲल्युमिनियमवर आणि वायरींच्या जोडांवर ब्लीच नको, ते धातू खातं, तिथे बाजारातला तयार जंतुनाशक स्प्रे मारा. नट_बोल्ट, तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरने टोकरता म्हणालात, ते ओलं करूनच टोकरा.

नट_बोल्ट

पटलं. मास्क लावतो, आता ओलंही करत जाईन. आमच्याकडे लाइम या गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराची आणखी एक भानगड आहे: गोचिडांच्या पिल्लांना लाइमचा जंतू मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडूनच. म्हणजे शेडमधलं घरटं हा नुसता ट्रॅक्टरचा प्रश्न नाही.

पडवीतला_टिलर (राजापूर)

आमचं यंत्र वेगळं, दुखणं तेच. पॉवर टिलर चिखलणीला काढायचा, लावणी उरकली की धुऊन पडवीत, मग पुढच्या पावसापर्यंत फारसं काम नाही. शेजारी भाताची पोती, मे महिन्यात काजूबिया. म्हणजे उंदराची राहण्या-जेवण्याची सोय एकाच छपराखाली.

सगळ्यात आधी खातात ते पट्टे. व्ही-बेल्टला भाताचा कोंडा आणि ग्रीस चिकटलेलं असतं, कडेने दातांच्या बारीक खुणा करत निम्मा पट्टा संपवतात, आणि ऐन लावणीत तो तुटतो. बाबांनी यावर उपाय काढला तो आजवर चालू आहे: लावणी संपली की पट्टे उतरवायचे, फडक्याने पुसायचे आणि वाशाला तार बांधून अधांतरी टांगायचे. डिझेलची रबरी नळी सोडवून तीही तिथेच. सायलेन्सरच्या तोंडावर नारळाची करवंटी पालथी. आणि भाताची पोती पडवीतून हलवून माळ्यावर, खाली पत्रा ठोकलेल्या फळीवर. पोती हलल्यापासून निम्मे उंदीर आपोआप गेले. टिलर त्यांना आवडत नव्हताच, भात आवडत होता.

लेंड्यांचं वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे लेप्टोची भीती असते. पावसात टिलर काढताना हाताला जखम असेल तर बाबा हात लावू देत नाहीत.

आणखी एक. पडवीच्या मागे धामण फिरते. शेजारचे काठी घेऊन येतात, आम्ही परत पाठवतो. तिच्याइतकं काम कुठला पिंजरा करतो?

काळी_माती (न्यू साउथ वेल्स)

२०२१ चा उंदरांचा सुळसुळाट ज्यांनी इथे पाहिला त्यांना हा धागा वाचून हसू येईल. रात्री हेडलाइट लावले की जमीनच हलतेय असं वाटायचं. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, घरातला फ्रिज, काही सोडलं नाही. पेरणीबरोबर टाकायच्या झिंक फॉस्फाइड या विषाच्या गव्हाची मात्रा दुप्पट करायला तातडीची परवानगी मिळाली. राज्य सरकारला ब्रोमॅडिओलोन हे दुसरं विषही हवं होतं, ते मात्र मिळालं नाही, कारण ते खाऊन मेलेला उंदीर जो खाईल त्याच्याही पोटात ते जातं.

त्या वर्षी ज्यांच्या वायरी वाचल्या, ते यंत्रं रोज हलवणारे होते.

एरीकाठचा

हलवण्यावरून विचारतो. महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर?

नट_बोल्ट

नको. थंडीत पाच मिनिटांत तेल पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. चालवायचं तर चांगलं अर्धा तास चालवा, नाहीतर पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून एकदाच बंद करून ठेवा. तुम्हाला उंदरांची शांतता मोडायची आहे ना? बॉनेट वर करून उघडंच ठेवा. उजेड आला, आडोसा गेला. मी माझ्या ट्रॅक्टरचं तेच करतो, शिवाय सीट पुढे दुमडून ठेवतो. वरून ताडपत्री तर मुळीच टाकू नका, ती त्यांना मच्छरदाणी होते. डेकखालचं वाळलेलं गवत खरवडून काढा, गवताच्या पिशव्या झटकून टांगा, बॅटरी काढून घरात आणा.

पिंगळा

विषाबद्दल कोणी खुलून बोलत नाही, म्हणून मी बोलतो. बंद शेडमध्ये विष ठेवलं की उंदीर दोन-चार दिवसांनी मरतो, आणि मरतो तो तुमच्या ब्लोअरच्या आवरणाखाली जाऊन. मग वास काढत बसा. बाहेर जाऊन मेला तर घुबड खातं, नाहीतर शेजाऱ्यांचं मांजर. ब्रिटिश कोलंबियाने २०२३ पासून अशा जहाल विषांचा घरगुती वापर बंदच केलाय.

साधा लाकडी चाप सगळ्यात बरा. भिंतीला काटकोनात लावायचा, आमिषाची बाजू भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेने पळतो. पीनट बटर मटाराएवढंच, जास्त लावलं तर कडेने चाटून जातो. आणि एक लावून भागत नाही, पाच-सहा लावा.

ग्लू पॅड (उंदीर चिकटून बसतो ती पाटी) वापरू नका. ज्यांनी त्यावरचा जिवंत उंदीर एकदा पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको.

कोथरूडकर

ट्रॅक्टर नाही, कार आहे, पावसाळ्यात पार्किंगमध्ये उभी. सोसायटीतल्या प्रत्येकाच्या बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी आहे आणि तरी प्रत्येकाच्या वायरी खाल्लेल्या आहेत. उंदीर पळवणारं म्हणून विकतात ते आवाजाचं यंत्रही लावून पाहिलं.

पिंगळा

त्या आवाजाच्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पत्रं धाडली होती, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा म्हणून. ती अजूनही विकली जातात. वायरींसाठी तिखटाचा अर्क लावलेली टेप मिळते, होंडा ती विकते. थोड्या, हाताला येणाऱ्या वायरी असतील तर ती गुंडाळा.

एरीकाठचा

सगळ्यांचे आभार. आज शेडचं दार मोजलं. खालच्या फटीतून पेन्सिल आरपार जाते, म्हणजे उंदीरही जातो. पाव इंची जाळी आणि दाराखालची पट्टी आणायला निघतोय. बर्डसीड आणि गवताचं बी दोन्ही पत्र्याच्या डब्यात हलवलं. सायलेन्सरमध्ये स्टील वूल कोंबून ठेवू का?

नट_बोल्ट

ठेवा, पण त्याला लाल चिंधी बांधा आणि एक चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा. एप्रिलात शेड उघडणारे तुम्हीच असाल असं नाही. जाळी गॅल्व्हनाइज्ड घ्या, आणि दाराच्या चौकटीचे खालचे कोपरे नीट बघा. लाकूड आधी तिथेच कुजतं.