रात्रीच्या कबड्डी मॅचेस शूट करायला पहिला कॅमेरा कुठला घेऊ? बजेट ५० हजार

नमस्कार मंडळी, आमच्या मंडळाच्या पोरांच्या मॅचेसचे नीट व्हिडिओ करायचेत, पोरं जीव तोडून खेळतात आणि फोनवर काहीच धड दिसत नाही. बजेट लेन्ससकट ५० हजार, सेकंडहँड चालेल. मॅचेस सगळ्या रात्री, एलईडी फ्लडलाइटखाली, मी साइडलाइनच्या बाहेर ट्रायपॉडवर, कोर्ट १३ बाय १० मीटर त्यामुळे फार लांबचा झूम नकोय.

फोनवर प्रो मोड करून पाहिला, शटर १/१०० ठेवलं की लाइटचा फ्लिकर जातो पण पकड होताना हातपाय सगळे ब्लर, शटर वाढवलं की फ्लिकर परत आणि वर ग्रेन पण.

कॅननचा एम५० बघितलाय, फोरके मध्ये क्रॉप होतो (फ्रेम कडांनी कापली जाते) आणि ड्युअल पिक्सेल फोकस, म्हणजे त्याचा फास्ट ऑटोफोकस, चालत नाही पण मला फुल एचडी ६० फ्रेम पुरे. ३० मिनिटांची रेकॉर्डिंग लिमिट पण चालेल, हाफ २० मिनिटांचाच असतो. सोनी ए६४०० आवडतोय, पण तो घेतला तर लेन्सला पैसे उरत नाहीत, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवरच भागवावं लागेल.

तर ज्यांनी रात्रीचे इनडोअर किंवा फ्लडलाइट गेम शूट केलेत त्यांनी सांगा, एम५० सोबत एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली, जास्त लाइट घेणारी लेन्स) घेऊ का ए६४०० किट लेन्सवर? आणि प्राइम घेतली तर अख्खं कोर्ट आणि चढाई दोन्हीला किती एमएमची बरी पडेल?