टिक्स दाबता येतात, पण...

टिक्स म्हणजे इच्छा नसताना पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज. "मनात आणलं तर ते थांबवता येतं," असं लोक म्हणतात. येतं की, शिंक दाबता येते तितकंच! माझा लेक दादर ते मुलुंड लोकलमध्ये मान झटकणं रोखून धरतो, बोटं दप्तराच्या पट्ट्यात रुतवून. घरी चपला काढल्या की दहा मिनिटं नुसता धबधबा. सुरुवात सातव्या वर्षी, डोळे मिचकावण्यापासून. आम्ही आपले चष्म्याचा नंबर तपासत बसलो. टुरेट, म्हणजे ज्यात असे टिक्स होतात तो मेंदूशी संबंधित विकार. टुरेट म्हणजे शिव्या देणं, हाही गैरसमजच. ते थोड्यांनाच होतं. निदानासाठी हालचालींचे एकाहून जास्त टिक्स, आवाजाचा किमान एक, आणि वर्षाहून जास्त काळ, एवढं लागतं. १० ते १२ वयात जोर असतो, पुढे बऱ्याच जणांचा ओसरतो. आम्ही टोकणं बंद केलंय. शेजारच्या काकू मात्र अजून दृष्ट काढायला सांगतात.