मदत हवी आहे: व्हेंटफोरेट कोफूचा जुना इतिहास कुठे मिळेल?
मंडळी, जपानात यामानाशी प्रांताकडे राहणारं किंवा जपानी नीट वाचता येणारं कुणी आहे का इथे? तिथल्या कोफू शहराच्या व्हेंटफोरेट या फुटबॉल क्लबवर लिहायला घेतलंय.

2022 ची गोष्ट फुटबॉलवेड्यांना माहीत असेलच. दुसऱ्या श्रेणीत 18वा नंबर, आणि तरी एम्परर्स कप, म्हणजे सगळ्या श्रेणींतल्या क्लबांची जपानी बाद स्पर्धा, जिंकली! अंतिम सामना हिरोशिमाशी, 1-1. जादा वेळेत कोफूच्या यामामोतोच्या हाताला चेंडू लागला, हिरोशिमाला पेनल्टी मिळाली. कोफूचा गोलकीपर कावातानं ती अडवली आणि शूटआउटमधली निर्णायक किक मारली त्याच यामामोतोनं. कादंबरीत असं कुणी लिहिलं असतं तर आपण नाकं मुरडली असती.

मला मात्र त्याच्या मागचं हवंय. 1965 चा कोफू क्लब, म्हणजे व्हेंटफोरेटचं मूळ रूप, आणि 2000 च्या सुमारास दिवाळं निघायची वेळ आली तो काळ. पाठीशी बडी कंपनी नाही, म्हणून गावातल्या छोट्या धंदेवाल्यांकडून जाहिराती गोळा केल्या, अगदी जखमी खेळाडूला उचलायच्या स्ट्रेचरवरसुद्धा! इंग्रजीत हे सगळं दोन ओळींत उरकलेलं असतं.

तेव्हाची स्थानिक वर्तमानपत्रं तिथल्या ग्रंथालयात बाहेरच्या माणसाला बघू देतात का? जुने चाहते परक्याशी बोलतील, की ओळख काढून जावं? भाषांतराच्या ॲपचा सल्ला कृपया नको, ते करून झालंय.